गर्ल स्काउटच्या कुकीज: पहिल्या वर्षी किती घ्यायच्या आणि विकायच्या कोणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत येऊन वर्ष झालं. मुलगी दुसरीत, ऑक्टोबरात ब्राउनी ट्रूपमध्ये (गर्ल स्काउट या मुलींच्या संघटनेतल्या तिच्या वयाच्या गटात) घातली. आता कुकीज विकायचा हंगाम आला आणि लीडरने सहीसाठी फॉर्म पाठवलाय. नवरा म्हणतो, शंभर डॉलर देऊन मोकळे होऊ, दारोदार हात कशाला पसरायचे? किती बॉक्स घ्यावेत, उरले तर काय, पैसे नक्की जातात कुठे, त्यापेक्षा घरच्या चकल्या-लाडू विकले तर चालतील का, आणि या कुकीजमध्ये अंडं असतं का?

माझ्या दोन्ही मुली याच वाटेने गेल्या आणि बरीच वर्षं मी आमच्या ट्रूपची कुकी मॅनेजर आहे, म्हणजे माल आणायचा, वाटायचा आणि पैशांचा हिशोब लावायचा. त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या यजमानांचं गणित बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते. बॉक्सची किंमत हल्ली बहुतेक ठिकाणी ६ डॉलर आहे. ती प्रत्येक कौन्सिल (म्हणजे आपल्या भागातले ट्रूप चालवणारी स्थानिक संस्था) आपापली ठरवते, म्हणून शेजारच्या काउंटीत वेगळी दिसली तर गोंधळू नका. या सहापैकी ट्रूपच्या हातात पडतो साधारण एक डॉलर, कुठे त्याहूनही कमी. म्हणजे शंभर बॉक्स विकले तर ट्रूपला मिळणार जवळपास तेवढेच, जेवढे तुमचे यजमान आज चेक फाडून देतील. आणि दुसरीतल्या मुलीने पहिल्याच वर्षी शंभर बॉक्स विकणं काही खायचं काम नाही. निव्वळ पैसा उभा करायचा असता तर पालकांनी वर्गणी काढणं कधीही स्वस्त पडलं असतं. (द्यायचीच असेल तर देणगी जरूर द्या, पण लीडरला विचारून, त्याचेही कौन्सिलचे नियम असतात.)

पण मग आठवून बघा, आपल्या शाळेत डिसेंबरात ध्वजदिनाची तिकिटं यायची. बहुतेक घरांत काय व्हायचं? बाबा पैसे द्यायचे, तिकिटं दप्तरातच राहायची, बाई खूश. निधी जमायचा, पण विकण्याचा अनुभव शून्य. तुमच्या घरी आता तेच घडू घातलंय. त्याउलट स्काउट-गाइडमध्ये 'खरी कमाई' असायची, ती ज्यांनी केली त्यांना अजून आठवते. मुलंमुली भेळ नाहीतर सरबत करून शाळेत विकायची, गल्ला मोजायची. फरक एवढाच, की तिथे गिऱ्हाईक म्हणजे आपलेच गुरुजी आणि आईवडील. इथे अनोळखी माणसासमोर उभं राहून विचारावं लागतं, आणि तो 'नको' म्हणू शकतो. सगळा खटाटोप आहे तो याच एका गोष्टीसाठी, असं माझं स्पष्ट मत आहे. हात पसरणं म्हणाल तर तेही नाही. बॉक्स देतो, सहा डॉलर घेतो, चोख व्यवहार.

उरलेले पाच डॉलर कुठे जातात, हा रास्त प्रश्न आहे आणि तो लीडरला विचारायला अजिबात लाजू नका. एक भाग बेकरीला, सगळ्यात मोठा भाग तुमच्या भागातल्या कौन्सिलला. कॅम्पच्या जागा, लीडरचं प्रशिक्षण, पगारी कर्मचारी, ज्यांना फी परवडत नाही त्या मुलींना सवलत, हे सगळं कौन्सिल त्यातून भागवते. न्यूयॉर्कची राष्ट्रीय संस्था विक्रीतून हिस्सा घेत नाही. तिला नाव आणि बोधचिन्ह वापरू दिल्याबद्दल बेकऱ्यांकडून रॉयल्टी मिळते.

पूर्वी असं नव्हतं. १९१७ मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या एका ट्रूपने घरी भाजलेल्या कुकीज हायस्कूलच्या कॅफेटेरियात विकल्या, तिथपासून ही प्रथा धरतात. १९२२ मध्ये शिकागोच्या एका संचालिकेने संघटनेच्या मासिकात पाककृती दिली होती, खर्चासकट: सहा-सात डझन कुकीजना सामान २६ ते ३६ सेंटचं, विक्री २५-३० सेंट डझन. हिशोब करून बघा, सहा डझनांचे निदान दीड डॉलर, त्यातला डॉलरहून जास्त नफा, तोही पूर्ण मुलींच्या हातात. पुढे मागणी वाढली, १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या कौन्सिलने बेकरीत भाजून घेतलेल्या कुकीज विकायला काढल्या आणि १९३६ पासून राष्ट्रीय संस्थेने बेकऱ्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. भाजणं गेलं, मोजणं आणि विचारणं उरलं. आणि कुकीजवाचून अडत नाही हेही तेव्हाच दिसलं. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा, लोणी मिळेनासं झालं, तर मुलींनी कॅलेंडरं विकली.

चकल्या-लाडवांचं त्यामुळे 'नाही' असंच उत्तर आहे. कुकीच्या टेबलावर कुकीजच, दुसरं काही मांडायचं नाही. घरी केलेले पदार्थ विकायचे नियम इथे राज्यागणिक वेगळे आहेत, त्यात शेंगदाणे-काजूची ॲलर्जी हे प्रकरण भारतापेक्षा कितीतरी गांभीर्याने घेतात. कुकीजचा हंगाम संपल्यावर ट्रूपला वेगळा उपक्रम करायचा असेल तर कौन्सिलची मंजुरी घेऊन करता येतो. तेव्हा सुचवा. पण भाजणीच्या चकल्या तळायला तुम्ही बसणार आणि मुलगी टीव्ही बघणार असेल तर त्याला माझा पाठिंबा नाही.

आता मुख्य मुद्दा: किती घ्यायच्या.

फॉर्मवर सही करण्याआधी तो वाचा. त्यात लिहिलेलं असतं, की माल ताब्यात घेतला की त्याच्या पैशांची जबाबदारी पालकाची. दुकानदार कंपनीला माल परत करतो तशी सोय बहुतेक कौन्सिलांत नसते. बॉक्स गाडीत चढला म्हणजे तुमचा. दरवर्षी एखादी तरी आई एप्रिलमध्ये फोन करते, 'गॅरेजमध्ये पाच केस पडलेत, काय करू?' आणि तोपर्यंत सगळ्यांचीच गिऱ्हाइकं संपलेली असतात.

म्हणून मुलीला घेऊन बसा आणि नावं लिहा. 'आपले बरेच लोक आहेत' असं मोघम नको, नावं. शेजारचे दोघे-तिघे, तिच्या नृत्याच्या क्लासच्या बाई, मराठी शाळेतल्या दोन मैत्रिणींची घरं, तिला ओळखणारे बाबांचे सहकारी. समजा अशी पंधरा घरं झाली आणि दर घरी दोन बॉक्स धरले, तर तीस. त्यातले काही नाही म्हणतील, काहींनी आधीच दुसऱ्या मुलीकडून घेतलेल्या असतील. पहिल्या खेपेला दोन केस पुरे. केस म्हणजे एकाच प्रकारच्या बारा बॉक्सचं खोकं, पण ट्रूपमध्ये ती फोडून सरमिसळ करून देता येतात. संपल्या तर आणखी मिळतात. हंगामात 'कपबोर्ड' चालू असतात, म्हणजे कुणा स्वयंसेविकेच्या गॅरेजमध्ये नाहीतर गोदामात ठेवलेला साठा, तिथून ट्रूपची कुकी मॅनेजर माल उचलते. मागून आणणं सोपं, परत करणं अशक्य, हे धरून चालायचं.

चोवीस बॉक्स असतील तर मी असे घेईन: आठ थिन मिंट्स (पुदिन्याच्या स्वादाच्या चॉकलेट कुकीज), सहा कॅरमेल-खोबऱ्याच्या, चार पीनट बटर-चॉकलेटच्या, आणि उरलेल्या सहांत लिंबाच्या व ट्रेफॉइल. थिन मिंट्स देशभर सगळ्यात जास्त खपतात, त्याखालोखाल कॅरमेलच्या, तिथे आपली आवड-निवड आणू नये. आपल्या लोकांत मात्र ट्रेफॉइल अनपेक्षित चालते. साधी लोण्याची कुकी, जवळजवळ नानकटाईच, चहाबरोबर ज्येष्ठ मंडळी अर्धा बॉक्स संपवतात. नव्याने आलेल्या प्रकारावर फार भिस्त ठेवू नका. जाहिरात असते तोवर सगळे विचारतात. २०२३ मध्ये रास्पबेरी रॅली नावाची एक फक्त ऑनलाइन काढली, ती हातोहात संपली आणि ईबेवर चढ्या भावाने दिसू लागली. टिकली नाही. थिन मिंट्स १९५० च्या दशकापासून आहेत.

नावांचा एक घोळ इथेच निस्तरते. देशभरातल्या कौन्सिलांना दोन बेकऱ्या माल पुरवतात, लिटल ब्राउनी बेकर्स आणि एबीसी बेकर्स, आणि कौन्सिल दोघींपैकी एक निवडते. एकीची सामोआ तीच दुसरीची कॅरमेल डिलाइट, एकीची टॅगअलाँग तीच दुसरीची पीनट बटर पॅटी. चवीत थोडाफार फरक आहे. टेक्सासला राहणारी नणंद म्हणाली 'मला त्या अमुक पाठव' आणि तुमच्या यादीत ते नावच नसलं, तर कारण हे.

माल घ्यायचा दिवस हा माझ्या मते सगळ्यात जोखमीचा. एखाद्या मोठ्या पार्किंग लॉटमध्ये गाड्यांची रांग लागते, डिकी उघडायची, स्वयंसेवक खोकी आत टाकतात, मागचा हॉर्न वाजवत असतो, आणि हातात पावती येते. त्या घाईत सही करू नका. पावतीवर प्रकारवार आकडा असतो: इतक्या मिंट्स, इतक्या लिंबाच्या. गाडी बाजूला घ्या, प्रकारवार मोजा, मोठ्याने मोजा, मुलीला टिक करायला लावा, मग सही. एकूण आकडा जुळला म्हणून खूश होऊ नका. एक मिंट्सची कमी आणि एक ट्रेफॉइलची जास्त असेल तरी एकूण जुळतंच, आणि हे नंतर घरी कळून उपयोग नाही. नंतर ट्रूपमधून एकेका घराला माल जातो तेव्हाही हेच: दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची. मैत्रीण असली तरी. मैत्रीण असली तर जास्तच.

विकायचं कोणी? मुलीने. सोपं वाटतं, पण यातच सगळे घसरतात, विशेषतः आपण. आपल्याला मूल अवघडलेलं बघवत नाही, ती गप्प झाली की आपणच वाक्य पुरं करतो.

ऑफिसात बाबांनी कागद लावून सह्या घेणं ही जुनी पद्धत, आणि खपही होतो. माझी अट एवढीच, की पंधरा-वीस सेकंदांचा का होईना, तिने स्वतः बोललेला व्हिडिओ तरी सोबत जावा: मी अमुक, आमच्या ट्रूपला उन्हाळ्यात कॅम्पला जायचंय, तुम्ही घ्याल का. माल पोचवायलाही शक्य असेल तर तिला न्या. मात्र एक पथ्य पाळा. बाबा साहेब असतील तर हाताखालच्या माणसांना विचारू नये. ते नाही म्हणू शकत नाहीत, आणि त्याला विक्री म्हणत नाहीत.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. दोनशे माणसांच्या ग्रुपमध्ये चार वेगवेगळ्या ट्रूपच्या मुली असतात. एका आईने लिंक टाकली की अर्ध्या तासात दुसरीची पडते, तिसरी रुसते, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्याची चर्चा होते. ओळखीच्या घरांना वेगवेगळा निरोप पाठवा, तोही मुलीच्या आवाजात. फेसबुक मार्केटप्लेस, ईबे असल्या जाहीर बाजारात तर विकायला मनाईच आहे.

ऑनलाइनसाठी डिजिटल कुकी नावाची सोय २०१४ पासून आहे. मुलगी तेराच्या आतली, म्हणून तिचं पान तुम्ही उघडायचं, तुम्ही मंजूर करायचं. पानावर पहिलं नाव पुरे, आडनाव, शाळा, पत्ता असलं काही नको. दूरच्या नातेवाइकांना बॉक्स पोस्टाने जातात, पण पोस्टेज जबर पडतं, ते आधीच सांगा म्हणजे मावशीला धक्का बसत नाही. भारतात आजीकडे मात्र पाठवता येत नाहीत, सुट्टीत जाताना बॅगेत न्या.

आता दारोदार. ब्राउनीच्या वयाच्या मुलीबरोबर मोठं माणूस हवंच, हा नियम आहे आणि तो बरा आहे. अंगात ट्रूपचं वेस्ट (बिनबाह्यांचं जाकीट), उजेडात, आपल्याच गल्लीत. कुणी कितीही प्रेमाने बोलावलं तरी घरात जायचं नाही. तुम्ही फुटपाथवर थांबा, ती दारापर्यंत जाईल. चार-पाच पावलांचं अंतर ठेवा, तुमची नजर तिच्यावर राहील आणि तुमचा आवाज तिच्या मध्ये येणार नाही.

बूथ म्हणजे दुकानाबाहेर लावलेलं टेबल. तिथे किमान दोन मोठी माणसं लागतात, त्यात निदान एकीची संस्थेत रीतसर नोंदणी आणि पार्श्वभूमीची तपासणी झालेली असावी लागते. जागा आणि वेळ कौन्सिलच्या यंत्रणेतून आधी घ्यावी लागते, आपल्या मनाने कुठेही टेबल टाकता येत नाही. चांगल्या जागांसाठी झुंबड असते. जागेचं महत्त्व सांगायचं तर २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका तेरा वर्षांच्या मुलीने वैद्यकीय गांजाच्या दुकानाबाहेर टेबल लावलं आणि दोन तासांत ११७ बॉक्स विकले. काही कौन्सिलांना ते मुळीच रुचलं नाही, पण भुकेलं गिऱ्हाईक कुठे भेटतं हे त्या मायलेकींना बरोबर कळलं होतं. तुम्ही आपलं किराणा दुकान आणि शनिवार दुपार पकडा.

फेब्रुवारी-मार्चमधला आमचा बूथ कसा असतो ते सांगते. वारं सुटलेलं, टेबलक्लॉथला चारी कोपऱ्यांना चिमटे, मुलींनी स्केचपेनने रंगवलेला भावफलक, आणि कमरेच्या पाऊचमध्ये एक आणि पाच डॉलरच्या सुट्ट्या नोटा. थंडीत बोटं आखडतात म्हणून अर्धी बोटं उघडी असलेले हातमोजे. एक गृहस्थ तीन बॉक्स उचलून वीसची नोट पुढे करतात. अमेरिकन मुलींना दुसरीत पाढे नसतात, त्या बोटं मोजतात किंवा फोनकडे बघतात. आमच्या ट्रूपमधल्या एका मराठी मुलीला घरी पाढे पाठ करून घेतलेले. तिने तोंडातल्या तोंडात 'सहा एके सहा, सहा दुणे बारा, सहा त्रिक अठरा' म्हटलं आणि दोन डॉलर मोजून पुढे केले. त्यांनी 'राहू दे तुला' म्हटलं तर ती आईकडे बघायला लागली. इथे मुलींना आधी शिकवून ठेवा: वरचे पैसे 'मला' नाहीत, ते देणगीच्या डब्यात. तिने तसं सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि चौथा बॉक्स घेतला. अठराच्या जागी चोवीस, आणि वर तिला नवी वजाबाकी. बाजूला तिची आई ओठ दाबून उभी होती, बोलायची अनिवार इच्छा होत होती बिचारीला.

दर बूथनंतर पैसे आणि उरलेले बॉक्स दोघींनी मोजायचे, तिथेच, गाडीत बसण्याआधी. सुरुवातीचे बॉक्स वजा उरलेले, गुणिले सहा, अधिक सुरुवातीचे सुट्टे, एवढे पैसे (कार्डाच्या पावत्या धरून) हातात असायलाच हवेत. पन्नास-शंभरच्या नोटा आम्ही घेत नाही, खोट्या निघाल्या तर नुकसान ट्रूपचं. रोख घरात साठवू नका, दर आठवड्याला मॅनेजरकडे द्या आणि पावती घ्या. कुकीजच्या पैशांतून पेट्रोल भरलं, एटीएममधून काढून नंतर टाकू, असल्या उसनवारीत चांगल्या घरातली माणसं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत.

'नको' ऐकायची तयारी घरी करून घ्या. बाबांनी तिरसट गिऱ्हाईक व्हायचं, ते त्यांना जमेल. मुलीने हसून 'थँक यू' म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं, तोंड पाडायचं नाही. 'मला साखर चालत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक उत्तर तयार ठेवतात: तुम्ही पैसे द्या, बॉक्स सैनिकांना नाहीतर स्थानिक अन्नछत्राला जाईल. बहुतेक कौन्सिलांत ही देणगीची सोय असते, ट्रूपला त्या बॉक्सचाही तेवढाच वाटा मिळतो. आणि पहिलं वाक्य 'कुकीज घेणार का?' असं नको. त्याला 'नाही' हे उत्तर जिभेवरच असतं. 'तुम्हाला यातली कुठली आवडते?' असं विचारलं की माणूस निदान थांबतो.

बक्षिसांबद्दल मात्र माझं मत बरं नाही. इतके बॉक्स विकले की बॅज, इतक्यांना मऊ खेळणं, इतक्यांना आणखी काही. रंगीत तक्ता मुलीच्या हातात पडतो आणि त्या दिवसापासून घरात ससा नाहीतर तत्सम प्राणी हवा असतो. मग आई-बाबा शेवटच्या आठवड्यात पंचवीस बॉक्स स्वतः विकत घेतात, म्हणजे दीडशे डॉलरचा ससा. त्यापेक्षा तिला आकडा आधीच ठरवू द्या, कागदावर लिहून फ्रिजला लावा, आणि ती तिथे पोचली नाही तर भरपाई करू नका. मोठ्या वयाच्या ट्रूपना बक्षिसं नाकारून बॉक्समागे काही सेंट जास्त घ्यायचा पर्याय असतो. आमच्या मोठ्या मुलींनी तो घेतला तेव्हा मला फार बरं वाटलं.

आणखी एक, ज्यावरून दरवर्षी वाद होतो. जमलेले पैसे ट्रूपचे असतात, मुलीचे नाहीत. 'माझ्या मुलीने दोनशे विकले, तिला कॅम्पची फी कमी करा' असं चालत नाही. करमुक्त संस्थेला एकेका मुलीच्या नावे खातं ठेवता येत नाही, तो इथल्या आयकर खात्याचा नियम आहे. पण पैसे कशावर खर्च करायचे हे मुलींनी ठरवायचं असतं, आणि ते लीडरने परस्पर ठरवलं तर तुम्ही खुशाल विचारा. ब्राउनी बहुधा पोहायला किंवा प्राणिसंग्रहालयात रात्र काढायला जातात. मोठ्या मुली वर्षानुवर्षं साठवून परदेशी जातात. या जागतिक चळवळीचं एक केंद्र आपल्या पुण्यात आळंदी रस्त्यावर आहे, 'संगम', १९६६ पासून. अमेरिकेतले ट्रूप कुकीजचे पैसे साठवून तिथे येतात. पुण्यात आयुष्य काढलेल्या अनेकांना ते ठाऊक नसतं. तुमची मुलगी दहावीत जाईल तेव्हा मैत्रिणींना घेऊन तिकडे जायचं सुचवून बघा, मराठी बोलणारी एक तरी बरोबर असेल.

उरल्या तर काय? हंगाम संपायच्या दोन आठवडे आधी मोजा आणि मॅनेजरला लगेच सांगा. शेवटच्या बूथवर ट्रूप त्या लावू शकतो, किंवा ज्या मुलीकडे कमी पडल्या तिच्याकडे वळवता येतात, कागदावर नोंद करून. शेवटच्या दिवशी सांगितलंत तर मीच काय, कुणीच काही करू शकत नाही. चार-सहा उरल्या तर फ्रीझरमध्ये टाका. थिन मिंट्स गोठवून खाणारे लोक इथे पुष्कळ आहेत आणि ते चुकीचे नाहीत.

अंड्याचं शेवटी. थिन मिंट्स दोन्ही बेकऱ्यांच्या व्हीगन आहेत, म्हणजे अंडं नाही आणि दूधही नाही. बाकीच्यांचं प्रकारागणिक आणि बेकरीगणिक बदलतं, पाककृतीही मधूनमधून बदलतात, म्हणून माझ्या आठवणीवर जाऊ नका. टॅगअलाँग किंवा पीनट बटर पॅटीत शेंगदाणे आहेतच, आणि ॲलर्जी असलेल्याने इतर बॉक्सवरचीही सूचना वाचायला हवी. बॉक्सच्या बाजूला घटकांची यादी असते. अंडं न खाणारं, जैन किंवा ॲलर्जीचं गिऱ्हाईक आलं की मुलीने बॉक्स फिरवून यादी त्यांच्यासमोर धरायची. 'चालेल हो' असं तिने अंदाजाने सांगायचं नाही, आणि मागून तुम्हीही नाही.